चाड्यावरची मूठ

शिरूरच्या खालच्या अंगाला, घोडनदीकाठच्या गावात पेरणी आली की जन्नतबीला बोलावणं यायचंच. बैल पाभर ओढायचे, ती मागून चालत पाभरीवरच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, मुठीनं ज्वारी सोडायची, आणि बी असं सारखं पडायचं की उगवल्यावर नाव ठेवायला जागा उरायची नाही. बाईला याचा तोरा होता आणि तो तिनं कधी लपवलाही नाही.

मुक्ताबाई गावात नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिचं मनगट धरून जन्नतबीनंच तिला मूठ शिकवली. तीच मुक्ताबाई अठ्ठावन्न साली शिरूरच्या सरकारी शिबिराला जाऊन आली. का, तर तिला लिहिता-वाचता येत होतं. ज्वारीवर काणीचा रोग पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळायचं, हे ती शिकून आली, आणि बायांना पेरून दाखवायला ग्रामसेवकानं चावडीमागचं रान तिच्या हाती दिलं. जन्नतबीला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिचा नुसता जळफळाट झाला. "कालची पोर, आन् मला शिकवणार," असं ती चुलीपुढं बसून भांड्यांनाही ऐकवायची.

पेरणीच्या दिवशी ती मुद्दाम बांधावर जाऊन उभी राहिली. तिसऱ्या ओळीलाच तिला दिसलं. गंधकानं बी निसरडं झालं होतं आणि मुक्ताबाईच्या बोटांतून भसाभसा सुटत होतं. मूठ जरा आवळायला हवी होती. एक हाक पुरली असती. जन्नतबीनं पदराचं टोक दातात धरलं आणि मजा बघत राहिली.

पंधरा दिवसांत रान गवतासारखं दाट झालं. एवढ्या दाटीत कणसं भरणार कशी? बाया जमल्या, कुजबुजल्या. सारजाबाई म्हणाली, "मुक्ते, बी जास्ती पडतंय हे तुला कळलं कसं न्हाई?"

"मावशी बांधावर व्हती की," मुक्ताबाई म्हणाली. "माझं चुकत असतं तर ती बोलली असती."

सगळ्या जन्नतबीकडं बघू लागल्या. दिसलं नव्हतं म्हणावं, तर पंचवीस वर्षांची मूठ खोटी ठरत होती. ते काही तिच्यानं होईना.

"दिसलं व्हतं मला," ती म्हणाली.

मुक्ताबाई खाली बसून जादा रोपं उपटू लागली. जन्नतबीही तिच्या शेजारी जाऊन बसली आणि उपटायला लागली, तशी मुक्ताबाई उठून दुसऱ्या ओळीला गेली.