सूर्याचे डाग पुसू न देणारे आप्पा

एस.टी. आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले गंगाधरराव, म्हणजे आमचे आप्पा, मला प्रथम दिसले ते ताडकळसला, त्यांच्या घराच्या गच्चीवर. तिथल्या शाळेवर मी विज्ञानशिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सकाळी आप्पा गच्चीवर पाणी मारत होते. तापलेल्या स्लॅबवरची हवा हलली की सूर्याचं चित्र थरथरतं. मी तिथे मांडलेल्या त्यांच्या दुर्बिणीकडे वाकले, तसे ते ओरडले, "बाई, थांबा! फिल्टर लावला न्हाई अजून. डोळा गेला की परत येत न्हाई."

पुढे एका सूर्यग्रहणात मी गरोदर होते. सासूबाई उंबरा ओलांडू देईनात. आप्पा म्हणाले, "मावशी, तिला बाहेर काढू नका. मी सूर्यच तुमच्या ओसरीत आणतो." अंगणात दुर्बीण लावून त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर कुरतडलेला सूर्य पाडला. माझ्याआधी सासूबाईच पुढे सरकल्या.

आप्पांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकासाठी संपादकांनी मला 'गोड आठवणी' लिहायला सांगितलं आहे. माफ करा, एक कडू आठवण सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

परभणीतल्या एका प्रदर्शनासाठी संयोजकांनी आप्पांकडून सूर्याचं छायाचित्र मागून नेलं. व्हिडिओतल्या हजारो चित्रांतली स्थिर तेवढी निवडून, एकावर एक रचून त्यांनी ते आठवडाभर खपून केलं होतं. आम्ही दोघं पाहायला गेलो. भिंतीएवढा सूर्य, खाली आप्पांचं नाव नाही, आणि सूर्यावर एकही डाग नाही!

संयोजक हसत म्हणाले, "डाग बरे दिसत नव्हते, साफ करून घेतले."

"माझं नाव नसंल तर नसू द्या," आप्पा म्हणाले, "पण डाग पुसायचा हक तुमाला कुणी दिला? ते लय मोठे हायेत, साहेब. एकेकात आपली पृथ्वी मावंल."

"पाहुणे यायलेत, आता वाद नको."

आप्पांनी खिशातून मूळ छायाचित्र काढलं, माझ्याकडून काळा स्केचपेन घेतला, आणि पट्टीनं मोजून भिंतीवरच्या सूर्यावर एकेक डाग जागच्या जागी भरला. शेवटचा डाग भरून झाला तोवर संयोजकांच्या दोघा माणसांनी त्यांचे दंड धरले होते. चित्र उतरवलं गेलं, आप्पांना दार दाखवलं गेलं. त्यानंतर त्यांना कुठल्याच कार्यक्रमाला बोलावणं आलं नाही. 'हेकट म्हातारा' हे नाव मात्र शहरभर झालं.

आज त्यांच्या पंचाहत्तरीला शाल घेऊन उभ्या असलेल्यांत त्या दिवशीचे दंड धरणारेही आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, आधी माफी मागा. आप्पा तसं कधी म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते आहे. आणि मीही त्या दिवशी पेन देण्यापलीकडे एक शब्द बोलले नाही, ही लाज माझी.

आप्पा, सूर्यावरच्या डागांची संख्या वाढून ओसरायला सुमारे अकरा वर्षं लागतात. असं आणखी एक पूर्ण चक्र तुम्ही धडधाकट राहून, स्वतःच्या डोळ्यांनी टिपावं. आणि कुणी पुन्हा पुसायला आलंच, तर या वेळी मी गप्प बसणार नाही.