शाणूमामांचं कंट्री

स्टेजवर चढण्याआधी शाणूमामा बूट काढत. डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात चौकड्यांचा शर्ट, गळ्यात गिटार आणि पाय अनवाणी. तेरेखोल नदीकाठच्या ज्या हॉटेलात ते अमेरिकन कंट्री गाणी गात, तिथल्या मॅनेजरने त्यांना दोनदा बजावलं होतं की असा गायक बुटांतच दिसला पाहिजे. मामा मान डोलवत आणि पायरीशी बूट नीट जोडून ठेवत. "आमचो बापूस दशावतारात राजा व्हायचो, तरी वाणो काढून चढायचो. मी कोण लागून गेलंय?"

ते माझ्या आईचे चुलतभाऊ, धारगळचे. तरुणपणी वास्कोला गेले आणि बंदरातल्या जहाजांना भाजी, अंडी, पाव पोचवणाऱ्या दुकानात कामाला लागले. एका खलाशाने जाताना त्यांना कॅसेटींचा खोका दिला. मामांचं इंग्रजी जेमतेम. पण ट्रक, रेल्वे, आई, सुटलेलं घर, एवढे शब्द कळत होते आणि तेवढे पुरले. गाणी ते देवनागरीत उतरवून घेत. त्या वह्या मी पाहिल्या आहेत, पावसाळ्यात फुगलेल्या, सुपारीच्या डागांच्या. गावी परतल्यावर लोक म्हणत, शाणू पाकल्यांची गाणी म्हणतो, गोऱ्यांची. मामा चिडत नसत. "पाकल्याचां कसां? गावचां गाणां तां. दुख्ख आमचांच, टोपी तेवढी भायली."

मी त्यांच्याकडे गिटार शिकायला जात असे. माझी घाई त्यांना सोसत नसे. "सावकाश म्हण गो बाय. लोकांक आपलां कायतरी आठवूक वेळ होयो."

मला तेव्हा कुणाला काही आठवू द्यायचं नव्हतं, पेटवायचं होतं. माझे वडील डिचोलीच्या खाणकामगारांच्या संघटनेत होते, आणि आमच्या घरात पाटावर बसायचं तर आधी पत्रकांचा गठ्ठा उचलावा लागे. एकदा मी मामांना तोंडावर म्हणाले, "तुम्ही टुरिस्टांची करमणूक करता."

"व्हय," ते म्हणाले. "आणि तुझी पत्रकां कोण वाचता?"

"जनता."

"बरां. ती खंय भेटली तर माका सांग."

मामी आत भाजी चिरता चिरता हसली. मी आठवडाभर त्यांच्याकडे गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी गावामागचा डोंगर बंगल्यांसाठी विकला गेल्याचं कळलं. देवळाच्या मंडपात सभा ठरली. मी एक गाणं लिहिलं आणि मामांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "ह्यात दलाल आसा, सरकार आसा, तू आसस. डोंगर खंय आसा?"

मला राग आला. गाणं त्यांनी ठेवून घेतलं आणि सभेला याल का, या प्रश्नावर एवढंच म्हणाले, "बघतंय." मी ते होकार धरून चालले. पत्रकात त्यांचं नाव जाड अक्षरांत छापलं आणि हमरस्त्यावरच्या प्रत्येक गाड्यावर, दुकानावर चिकटवलं. हॉटेलच्या मालकाचा त्या जमिनीत हिस्सा होता. तिसऱ्या दिवशी मामांना निरोप आला, यापुढे येऊ नका.

सोळा वर्षं तीच एक जागा त्यांची होती. गावाने त्यांना कधी गायला बोलावलं नव्हतं, जत्रेला नाही की चतुर्थीला नाही. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मामी मला बघून आत निघून गेली. मामा पडवीत गिटारच्या तारा बदलत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "सभा कितक्या वाजता आसा?"

सभेत त्यांनी माझं गाणं गायलं नाही. स्वतःचं गायलं, आपल्या बोलीत, कंट्रीच्या त्या संथ चालीवर. त्यात घोषणा नव्हती. वरची झर होती, काजूच्या झाडांनी भरलेलं भाट होतं, पार्वतीमावशीची म्हैस घसरली ती घळ होती. म्हशीपाशी लोक हसले आणि मग ऐकू लागले. शेवटाकडे मामांनी एकदम गाऱ्हाण्याची ओळ उचलली: "बा देवा महाराजा..."

गाऱ्हाणं म्हणजे गावाने देवापुढे मांडलेलं मागणं. ते घालायचा मान एकाच घराचा असतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. त्या घरचे आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली. कोणीही 'व्हय' म्हटलं नाही.

मामांचा हात तारांवरून सुटला नाही. वाजवत वाजवतच ते उतरले आणि आबांसमोर जमिनीवर बसले.

"चुकलंय, आबा. मान तुमचो. तुम्ही घाला, मी सूर धरतंय."

आबांनी गिटारकडे बघितलं. "ह्या पेटाऱ्यार?"

"लाकूडच तां, आबा. देवळातल्या मृदंगासारखां फणसाचां नाय, इतक्याच."

कुठेतरी बायकांत खसखस पिकली. आबा खाकरले. मग बसल्या जागेवरून त्यांनी उंच आवाज लावला, "बा देवा महाराजा, ह्यो डोंगर आमच्या पोरांबाळांक ऱ्हांव दी रे महाराजा!" आणि सगळा मंडप म्हणाला, "व्हय महाराजा!" आबा म्हणत गेले, आणि मामा त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे थांबत गेले, आवाज परत यायला पुरेसा वेळ देत. माझी पत्रकं लोकांनी बसायला खाली घेतली होती.

प्रकरण कोर्टात आहे. डोंगर अजून आहे. हॉटेलने मामांना परत बोलावलं नाही. सहा महिन्यांनी ते वास्कोला मुलीकडे राहायला निघाले, कायमचे. हमरस्त्यावर बसची वाट बघताना मी शेवटी म्हणाले, "मामा, तुम्हाला न विचारता नाव छापलं. त्याची माफी मागायची राहिली."

त्यांनी गिटार एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "माफी घेवन काय करू? ती जागा गेली ती गेली. माका वायट दिसलां, खोटां कित्याक सांगू?" बस दिसू लागली होती. "पुढच्या खेपेक आधी त्या माणसाच्या घराक जा. चाय पी. इचार. मगे छाप."

ते चढले. कंडक्टर गिटार वर ठेवा म्हणत होता आणि मामा त्याला नाही म्हणत होते.

तेव्हापासून आमच्या पत्रकांवर नावं कमी असतात.