तिच्या हातची चकती

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. कामात झाली ती मी सांगणारच आहे.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. लखनौला चारबागच्या पुढे एका कारखान्यात मी फिटर होतो. गाव साताऱ्याकडचं, पण हाडं तिथेच झिजली. माझ्याकडे बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. वाफ फार झाली की तो उघडतो, जास्तीची सोडतो आणि परत बसतो. बसतो म्हणजे काय, तर आत पुरीएवढी स्टीलची चकती असते, ती खालच्या सीटवर, म्हणजे धातूच्या बैठकीवर टेकते. मध्ये रबर नाही, काही नाही. दोन्ही तोंडं आरशासारखी सपाट असली तरच वाफ अडते.

दरवर्षी बॉयलर थंड करून व्हॉल्व्ह उघडायचा आणि ही तोंडं घासून सपाट करायची. सीट मी जागेवरच घासायचो. चकती मात्र फडक्यात गुंडाळून घरी आणायचो, कारण कारखान्यात धूळ, आणि एक कण अडकला की ओरखडा पडतो. स्वयंपाकघरात जाड काच मांडायची, तिच्यावर घासायची राखाडी पेस्ट लावायची आणि चकती आठाच्या आकड्यात फिरवायची. माझा हात जड. दाबला की कडा आधी झिजते आणि तोंड गोल होतं.

एकदा बायको बघत उभी होती. म्हणाली, "अहो, भांडताय कशाला तिच्याशी? सरका तिकडे."

ती रोज पहाटे सहाणेवर चंदन उगाळायची, देवासाठी. त्याच हाताने चकती फिरवली. दाब नाही, नुसतं बोटांचं वजन. अर्ध्या तासात तोंड असं झालं की तिने त्यात बघून कुंकू नीट केलं. मी म्हटलं, "कुणाला बोलू नकोस." ती म्हणाली, "पगार मिळणार असेल तर नाही बोलत." पुढे अकरा वर्षं ती चकती तिनेच घासली. फोरमन मला म्हणायचा, "मिस्त्री, आपके हाथ में जादू है." लाज वाटायची, पण खरं सांगायचो नाही.

एका थंडीत तिला कावीळ झाली. तेरा दिवसांत गेली.

तेराव्यानंतर घरात आवाज येऊ लागला. पहाटे, स्वयंपाकघरातून, उगाळल्याचा. हलका, गोल. भूतबित मी मानत नाही. उठून गेलो की सहाण कोरडी. मुलगी राहायला आली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, सपना होगा." तिला ऐकू येत नव्हतं. मला यायचं. रोज यायचं आणि मी अंथरुणात पडून ऐकायचो.

त्या वर्षी बॉयलर थंड झाला. व्हॉल्व्ह उघडला. चकतीवर एक डाग नव्हता. आदल्या वर्षी तिने सोडली तशीच. नियम असा की व्हॉल्व्ह उघडला की चकती घासायचीच, मग कितीही चांगली असो, कारण परत बसवताना ती जुन्या जागी जशीच्या तशी बसत नाही. मी हाताखालच्या पोरांना शंभरदा हे शिकवलंय. पण घासली असती तर चकतीवरचा तिचा हात पुसला गेला असता. मी फडक्याने पुसली आणि तशीच बसवली. घासली म्हणून सांगितलं.

वाफ चढली आणि व्हॉल्व्ह फुसफुसू लागला. मी म्हटलं, बसेल. दोन दिवस तसाच ठेवला. गळकी वाफ स्टील कापते, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

तिसऱ्या दिवशी फोरमन कान लावून उभा राहिला. "अमाँ मिस्त्री, ये क्या गा रहा है? परसों इंस्पेक्टर साहब आ रहे हैं." बॉयलर परत थंड केला. चकती काढली तर तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ. मीच पाडली होती.

फोरमन म्हणाला, "नयी डाल दो." स्टोअरमध्ये गेलो. तिथला नियम जुना: मोडकी जमा करा, नवी न्या. जमा झालेलं भंगारात जातं. मी म्हटलं, ही मला राहू दे. स्टोअरबाबू हसला, "क्या मिस्त्री, चाँदी की है?" मी चकती खिशात घातली आणि परत आलो. भंगारात देण्यापेक्षा घासलेली बरी. निदान व्हॉल्व्हमध्ये राहील.

दुपारी घरी आलो. तीच काच मांडली. पेन्सिलीने तोंडावर रेघा मारल्या, म्हणजे सगळीकडे सारखं झिजतंय का ते कळतं. आणि हात ठेवला. दाबायचं नाही, नुसतं वजन. भांडायचं नाही. दोन तास लागले. केसाची रेघ आधी पुसट झाली, मग गेली. त्या रेघेसोबत तिच्या हातचं वरचं सगळंच गेलं. काचेवर काळपट चिखल उरला. तो मी तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसला. तुकडा अजून ट्रंकेत आहे, कडक झालाय.

व्हॉल्व्ह बसला. इन्स्पेक्टर साहेबांनी दाब चढवून घेतला, व्हॉल्व्ह बरोबर आकड्यावर उघडला आणि खट करून बंद झाला. जराही वाफ नाही. फोरमनने पाठीवर थाप मारली. जादूचं बोलला. मी म्हटलं, "जादू मेरी नहीं थी. घरवाली घिसती थी." तो हसला. त्याला थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. पडून राहिलो. दूधवाल्याची सायकल गेली, शेजारचा नळ सुटला. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

आता रोज पहाटे मीच सहाणेवर चंदन उगाळतो. देवाला लावत नाही, वाटीत तसंच सुकतं. आवाजासाठी उगाळतो. पण माझा हात जड. तसा येत नाही.