पाण्याखालचं धान

पुरात तगणारं धान तयार करण्यात माझी अर्धी नोकरी गेली. संशोधन केंद्रातल्या टाकीत ते तगलं होतं. खऱ्या शेतात मी ते पहिल्यांदा लावलं धानोऱ्याजवळ, मोठ्या भावाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आणि नाल्याच्या पुराने आठवडाभर ती बांधी बुडवून ठेवली. पाणी उतरलं तेव्हा उरला होता नुसता कुजका वास मारणारा चिखल.

भाऊ नांगर-बैल घेऊनच आला. "सायबा, सडलं तुझं धान. चिखलणी करून राह्यलो, दुसरं लावतो."

"एकदा पाहू तरी दे," म्हणत मी शास्त्रज्ञाच्या तोऱ्यात बांधीत उतरलो आणि पहिल्याच पावलाला पालथा पडलो.

"पीक झोपलं त झोपलं, तू काऊन झोपून राह्यला?" भाऊ हसत सुटला.

तोंडात चिखल भरला होता. पण नाकासमोरच्या कुजक्या पानांतून सुईसारखा हिरवा पोंगा वर येत होता. शेजारच्या रोपातही तसाच. पाण्याखाली वाढायची धडपड न करता ही रोपं श्वास रोखून बसली होती. इतकी वर्षं भाषणांत हे मीच सांगत आलो होतो. खरं वाटलं ते तेव्हा.

मी उठेना, म्हणून भाऊ वाकला. एक पोंगा बोटांनी चाचपला, मग शेजारचाही. मग मागे वळून त्याने बैलांचं जू सोडलं.