एका दिवसाचं कॉलेज

दहावीच्या वर्षी आमच्या शाळेत पुण्याहून एक ताई यायच्या. आम्हा वाडीवरच्या पोरापोरींना कॉलेजसाठी तयार करायचं होतं. विषयाचं नाव डिझाइन थिंकिंग. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या, अडचण लिहायची, उपाय शोधायचा. मोठं काही करण्याआधी छोटं करून बघा, फसलं तर कुठं अडतं ते कळतं, असं ताई सांगायच्या. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं, वैताग त्याचाच आहे.

म्हणून प्रत्येकानं एक दिवस कॉलेजला जाऊन यायचं ठरलं. मी पहाटे वडिवळ्याच्या धरणावरून चालत रस्त्याला आले, वडापच्या जीपनं कामशेत, तिथून लोकलनं लोणावळा. मागच्या बाकावर बसून जे शिकवलं ते सगळं उतरवून घेतलं. इतकी खूश मी क्वचितच झाले असेन. येताना लोकल उशिरा आली, वडाप निघून गेलं होतं. चालत आले तर धरणावर आबा, म्हणजे माझे वडील, बॅटरी घेऊन उभे. रागावले नाहीत.

वर्गात मी चिठ्ठी लावली: संध्याकाळी गाडी नाही. खाली उपाय: लोणावळ्यात मावशीकडे राहायचं. टाळ्या पडल्या. घरी मात्र आबा म्हणाले, लोकांच्या दारात पोरगी ठेवायची नाही, कॉलेजचा विषय संपला. समजवायला ताई स्वतः वाडीवर आल्या. आबांनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"तुमीच म्हनला न्हवं मॅडम, आदी करून बगा म्हून? बगितलं. न्हाई जमलं."

ताई चहा संपवून निघाल्या. त्यांचंच शिकवणं आबांनी त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं.

माझा भाऊ त्याच कॉलेजात दोनदा नापास झाला होता. त्याला आधी एक दिवस जाऊन बघ, असं कुणी सांगितलं नव्हतं. तो तिसऱ्यांदा परीक्षेला बसला, तेव्हा आईनं त्याला नवी बॅग आणली. ती बॅग बघितली की अजून माझं डोकं फिरतं.

आता मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात खोल्या आवरते, चादरी बदलते. पहाटे तीच वाट, तेच वडाप, तीच लोकल. संध्याकाळी वडाप बहुतेक चुकतंच, मग अंधारात धरणावरून चालत येते. बॅटरी घेऊन कुणी उभं नसतं. जमत नाही, असंही आता घरात कुणी म्हणत नाही.