मायनं समुद्रात रस्ता विचारला

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. आमच्या घरात हा विषयच नव्हता. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून दाराच्या आत लावलेल्या, आणि गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर ते आम्हाला बघायलासुद्धा जाऊ देत नसत. त्यात मी पाथरी तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. अक्षांश, रेखांश, भरती-ओहोटी... तेवीस वर्षं तेच. या सदरातले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून, आणि खरं सांगायचं तर चुका काढत. आता स्वतःचाच लिहायला बसलेय, तोही चिडून. आपल्या सख्ख्या आईवर माणूस किती चिडू शकतो, ते पुढे कळेलच.

माझी माय बहात्तर वर्षांची, राणीसावरगावची. तिनं आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गंगाखेडला पुरात आलेली गोदावरी. माझा धाकटा भाऊ प्रमोद अंदमानात, एका लहान बेटावरच्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. बेटाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आम्ही तिथे गेलो ते काही नियमाला धरून नव्हतं आणि त्याला अजून तिथेच नोकरी करायचीय. गेल्या हिवाळ्यात त्याला मुलगी झाली. बातमी कळल्या क्षणापासून मायचं एकच सुरू झालं — बाळंतिणीला कोण बघायलंय, लेकराला न्हाऊ कोण घालायलंय. शेवटी मी रजा टाकली. परभणीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर. सोबत एक गोणी... ज्वारीचं पीठ, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. विमानतळावर ती गोणी उघडून दाखवताना मला झालेला त्रास हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

प्रमोद आम्हाला घ्यायला आला होता. बायको आणि तान्हं लेकरू शेजारच्या नर्सबाईंच्या भरवशावर ठेवून आलेला, त्यामुळे त्याचा जीव तिकडेच. बेटावर जाणारं जहाज मात्र दोन दिवसांनी होतं. मी म्हटलं, थांबू. माय म्हणाली, आपण थांबायचं न्हाई. झालं. बस, मग फेरी, असं करत आम्ही पलीकडच्या एका मोठ्या बेटाच्या जेटीवर पोचलो आणि प्रमोदच्या ओळखीतून एक डुंगी ठरली. डुंगी म्हणजे तिकडची लहान होडी. मागे मोटर, चार आडव्या फळ्या, वर छप्पर नाही. चालवणारा बिस्वास नावाचा, पन्नाशीचा, फार कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं हातातलं जीपीएस यंत्र होतं. अंतर दोन तासांचं, सगळा खुला समुद्र.

मायला मधल्या फळीवर बसायला सांगितलं होतं. ती अर्थातच सगळ्यात पुढे जाऊन बसली. आणि तिथून तिच्या सूचना. हा सरळ का चालवत नाही, वाकडंतिकडं का घ्यायलाय? एवढं पाणी वाया जायलंय, याचं काहीच करत नाहीत का? बायांना लघवीला लागली तर काय करायचं? मी दहा वेळा गप्प बस म्हटलं. प्रमोद हसत होता. मला उलटी येत होती, त्यामुळे मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे निघून तासभर झाला असताना, वाऱ्यासकट पावसाची मोठी सर आली. वीस मिनिटं असेल... पण त्या वीस मिनिटांत माझी दोन्ही मुलांची नावं घेऊन झाली. बिस्वासनं होडीचं तोंड वाऱ्याकडे धरलं आणि आम्ही प्लास्टिकच्या डब्यांनी पाणी उपसत राहिलो. सर गेली तेव्हा चारी बाजूंना करडं पाणी, वर करडं आभाळ. सूर्य कुठे आहे तेही कळेना. जमीन कुठेच नाही. बिस्वासनं पिशवीतून यंत्र काढलं, हलवलं, बटण दाबलं, फळीवर आपटलं. बंद.

आता माझी हुशारी ऐका. मी वर्गात सांगते की जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. म्हणून मोठ्या ऐटीत मी मोबाईल काढला. ठिपका आला! पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नव्हता, प्रमोदनंही नाही. निळ्या पडद्यावर एक निळा ठिपका, बस्स. होकायंत्र "मोबाईल आठच्या आकारात फिरवा" एवढंच सांगत राहिलं. आपण कुठे आहोत त्याचे अक्षांश-रेखांश माझ्या हातात होते आणि बेटाचे मला माहीत नव्हते. तेवीस वर्षं भूगोल!

बिस्वासनं टाकी पाहिली आणि प्रमोदला हळू आवाजात सांगितलं की तेल अजून सव्वा तासाचं आहे. दिशा चुकली तर पुढे पाण्याशिवाय काही नाही. प्रमोद मोबाईलमध्ये मुलीचा फोटो उघडून बसला. मोटर अगदी हळू ठेवून आम्ही नुसते पुढे सरकत होतो, कुठे ते न कळता.

आणि तेवढ्यात मायनं हात वर केला.

"ओ दादा, जरा ऐका की," ती डाव्या बाजूच्या पाण्याकडे बघून म्हणाली. "परमोदच्या बेटाकडं कुनीकून जावं?"

मला वाटलं, थट्टा करतेय. ती थोडा वेळ थांबली. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तशी.

"पोराकडं जायलाव. नात झालीय."

परत थांबली. मान हलवली.

"आस्सं. उजव्या हाताला का... बरं. तुमी येता का? जागा हाय की." मग जरा नाराजीनं, "बरं, ऱ्हाऊ द्या."

फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी, तसं ते ऐकू येत होतं. मी तिच्या दंडाला धरलं आणि विचारलं, माय, कुणाशी बोलायलीस? ती म्हणाली, ते काय, उभारलेत की. मी पाहिलं. प्रमोदनं पाहिलं. पाणी. नुसतं पाणी. होडी नाही, माणूस नाही, एखादं लाकूडही नाही. मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला... आणि खरं सांगते, तिची काळजी वाटायच्या आधी मला संताप आला. आताच? इथे?

माय मात्र बिस्वासकडे वळली आणि आपल्या परभणीच्या हिंदीत म्हणाली, "आगे मत जाव, पत्थर हैं बोलते. दाहिने हात कू लेव. लाट पीछे से आना बोलते."

बिस्वास उठून पुढे वाकला आणि झटकन मोटर उलटी फिरवली. आमच्या पुढे फार तर दहा हातांवर पाणी फिकट हिरवं होतं आणि त्याखाली प्रवाळाचा खडक पसरला होता. वर गुडघाभर पाणी असेल नसेल. होडी त्यावर गेली असती तर तळ फाटला असता. त्यानं मायकडे एकदा पाहिलं आणि होडी उजवीकडे घेतली. लाटा पाठीमागून यायला लागल्या तशी दिशा धरली आणि मोटरचा वेग वाढवला. मी फळी घट्ट धरली. माझ्याकडे दुसरा उपाय होता कुठे?

पंचवीस मिनिटांनी समोर एक काळी रेघ दिसली. मग नारळाची झाडं. प्रमोद तोंडावर हात ठेवून रडत होता.

जेटीवर पाय ठेवल्यावर मी मायला धरून बसवलं आणि वर्गातल्या पोरांना विचारते तसं एकेक विचारलं. कोण होतं? एक बाप्या होता. कसा? उघडाच, डोक्याला कापड गुंडाळलेलं, गुडघाभर पाण्यात उभा. कोणत्या भाषेत बोलला? आपल्याच. माय, इथे आपली भाषा कोण बोलेल? ते मला काय माहीत, तू इचारायचं हुतंस. मग मी तो शब्द काढला, जो आमच्या घरात कधी कुणी काढला नव्हता. म्हटलं, भूत होतं का? ती माझ्यावर अशी भडकली की बिस्वाससुद्धा वळून पाहायला लागला. भूतबित काय नसतं, एवढी शिकलेली तू, तुझ्या बापानं ऐकलं असतं तर काय म्हणला असता. माणूस होता तो!

तिला आश्चर्य नव्हतंच. तिला काळजी होती, ती वेगळीच. पाणी वाढायलं होतं आणि आपण त्याला तिथेच सोडून आलो, हे तिला लागून राहिलं. पंधरा दिवस तिनं नातीला न्हाऊ घातलं आणि रोज प्रमोदला विचारलं, त्या माणसाचं काही कळलं का. गावी परत आल्यावर फोनवर तेच. आम्ही तिला एकच उत्तर द्यायचो, माय, तिथे कुणी नव्हतं. तिचा एकच प्रश्न, मग रस्ता कुणी सांगितला? यावर आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडे उत्तर आहे. एक म्हणतात, योगायोग. दुसरे म्हणतात, कुलदैवत. आमचं कुलदैवत कुठून आणू, सर? माझे मिस्टर म्हणतात, खडकावर उभा असलेला कोळी असेल, तुम्ही घाबरलेले, तुम्हाला दिसला नाही. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

म्हणून मी प्रमोदच्या मागे लागले. पुढे महिन्याभरानं, स्वच्छ उन्हात, पूर्ण ओहोटीला, माझ्या मोबाईलवर त्या दिवशी आलेले अक्षांश-रेखांश धरून तो आणि बिस्वास तिथे गेले. खडक सापडला, गुडघाभर पाण्याखाली. पण माय बघत होती ती बाजू डावीकडची, खडक सोडून. तिथे त्यांनी दगड बांधून दोर सोडला. वीस पुरुष, म्हणजे शंभर-सव्वाशे फूट दोर संपला, तळ लागला नाही.

हे मी मायला सांगितलं. फोनवर नाही, गावी जाऊन, समोर बसून. म्हटलं, आता तरी पटवून घे, माय, तिथे माणूस उभा राहूच शकत नाही. ती दाणे निवडत होती. हात थांबला. मग तिचा चेहरा असा मोकळा झाला, जसा त्या होडीत बसल्यापासून मी पाहिला नव्हता.

"मंग पोहता येत आसंल त्याला," ती म्हणाली. "गेला आसंल घरी."

त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. आता रस्ता कुणी सांगितला हे मी विचारत बसलेय, म्हणून तर चिडलेय.