जपानी नदीकाठी आमचा कलश

इथल्या भुताखेतांच्या धाग्यांवर मी आजवर फक्त खिदळणाऱ्या स्मायली टाकल्या आहेत, जुन्या मेंबरांना माहीत आहे. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होतो. बेशुद्ध माणसं हजारो पाहिली, त्यातला एकही आत्मा छतापर्यंत गेलेला दिसला नाही. तेव्हा हसायचं तर हसा, आता माझी पाळी.

आधी माझा पराक्रम. चार वर्षांपूर्वी दादा, माझा थोरला भाऊ, लंडनजवळच्या क्रॉयडनला वारला. वहिनींचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून अस्थी नाशिकला न्यायचं काम माझ्याकडे. तांब्याच्या कलशाला त्यांनी स्वतः लाल फडकं बांधून दिलं. निघताना बॅगेत शॉर्टब्रेड बिस्किटांचे डबे बसेनात, म्हणून कलश ‘दोन मिनिटं’ पिनरच्या माझ्या गॅरेजच्या फळीवर ठेवला... आणि आठवला थेट मुंबईत उतरल्यावर!

वहिनींचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “विसर्जन अगदी शांतपणे झालं.” वर गुरुजींना उचकी लागली होती, असा तपशीलही पुरवला. थाप मारायची तर नीट मारावी.

परत आलो तर फडकं उंदरांनी कुरतडलेलं. हाताला लागला तो आमच्या क्रिकेट क्लबचा जुना टाय — मरून, पिवळे पट्टे — तोच बांधला. पुढच्या ट्रिपला नेऊ म्हटलं. पुढच्या दोन ट्रिपा झाल्या.

गेल्या मार्चमध्ये वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, लायब्ररीत जपानच्या एका नदीच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. ह्यांना फार आवडलं असतं. चला.” पिनरहून क्रॉयडनला गेलो. भर दुपार, हॉलमध्ये आम्ही दोघं आणि टेबलाशी फोटोग्राफरची मुलगी, साठीची जपानी बाई. मासे पकडणारे पक्षी, नदीत रंगीत कापड धुणारी माणसं... मी प्रत्येक फोटोवर विनोद करत होतो.

शेवटचा फोटो मृतांच्या नावाने पाण्यात कागदी कंदील सोडण्याचा. सगळ्यांचे कंदील वाहत चाललेले. कोपऱ्यात एक म्हातारा पाठमोरा, नुसताच बसलेला.

“एक खांदा खाली. हे असेच बसायचे,” वहिनी म्हणाल्या.

“सगळे म्हातारे असेच बसतात हो. मलाच बघा.”

“त्याच्या मांडीवर काय आहे?”

“कंदील असेल.”

“कंदील नाही, कलश आहे.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि त्याला तुमच्या क्लबचा टाय कसा, भाऊजी?”

मी पाहिलं. मरून, पिवळे पट्टे. गाठसुद्धा माझीच, वाकडी.

आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही. सगळं सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

“तीन वर्षं रोज सकाळी नाशिककडे तोंड करून नमस्कार करतेय मी,” त्या म्हणाल्या. “तुमचं गॅरेज कुठल्या दिशेला येतं?”

दुसऱ्या दिवशी मिनीकॅब करून त्या आल्या. मी कलश उचलायला गेलो तर म्हणाल्या, “हात लावू नका.” आणि त्या गुडघ्यांनिशी एकट्या नाशिकला जाऊन आल्या.

मी पुन्हा प्रदर्शनाला गेलो. म्हातारा तिथेच, कलशही, टायही. जपानी बाईंना विचारलं, याच्या मांडीवर काय आहे? त्या वाकून बघत म्हणाल्या, “कंदीलच की. मी प्रायमरीत असताना वडिलांनी काढलाय हा.” फोटो काढायला मनाई होती. प्रदर्शन संपलं, फोटो गेले.

तो टाय तिथे कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण वहिनींनी ते कधी विचारलंच नाही. नाशिकहून आल्यावर एकदाच फोन केला आणि एवढंच विचारलं, “तीन वर्षांत एकदाही ह्यांना का नाही नेलंत हो, भाऊजी?”

त्याचंही उत्तर नाही.